प्रागमधली सोयरिकीची बैठक

"सोयरीक जमवाय काय, कुनीबी जमवतंय! मोडाय डोस्कं लागतं, डोस्कं!"

फलटणजवळच्या आपल्या गावी, चहाच्या टपरीवर बसून नाथाजींनी हे जाहीर केलं तेव्हा समोर ऐकायला एकटा बिरदेव होता. पण नाथाजी फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. एका माणसाशी बोलतानाही ते अख्ख्या पलटणीला हुकूम दिल्यासारखे बोलत. त्यामुळे बिरदेवाबरोबर निम्म्या गावानंही ऐकलं.

भानगड अशी होती. संयोगिता ही नाथाजींची एकुलती एक लेक. कॉम्प्युटर शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि तिथून कंपनीनं तिला उचलून चेक देशात प्राग नावाच्या शहरात नेऊन ठेवलं. तिथं तिला मारेक नावाचा पोरगा आवडला. तिनं फोनवर सरळ सांगितलं, "आबा, लग्न करीन तर ह्याच्याशी. पण तुम्ही हो म्हणाल तेव्हाच." ह्या दुसऱ्या वाक्यानं सुभेदारांची पंचाईत केली! पोरगी पळून गेली असती तर जन्मभर रागवायची तरी सोय झाली असती. हिनं सगळं ओझं बापाच्याच डोक्यावर ठेवलं.

आणि बापाचं उत्तर ठरलेलं होतं. नाही म्हणजे नाही! लेक बारामतीला दिली असती तर सणावाराला मोटारसायकलवरून जाऊन भेटता आलं असतं. प्रागला काय मोटारसायकल जाते?

"मग फोनवरच न्हाई म्हना की," बिरदेव म्हणाला.

"येडा हायस का रं? पोरगी रडंल! मी तिथं जानार. पोराच्या बापाला बैठकीला बसवनार. अन् असं गोड बोलनार, असं गोड बोलनार, की तासाभरात त्योच म्हनंल, सुभेदार, ही सोयरीक काय आमाला झेपायची न्हाई! मोडली त्येनं, आमी हात झाडून मोकळं!"

बैठक म्हटली की मध्यस्थ आलाच. नाथाजींनी सांगलीच्या अजितकुमारशेटना गाठलं. शेटचं सांगलीत हळदीचं अडत दुकान. हळदीचा भाव आणि माणसाचा स्वभाव ते नुसत्या वासावर सांगतात, अशी त्यांची ख्याती. आजवर त्यांनी इतकी लग्नं जमवली होती, की नाथाजींच्या मते मोडायचंही त्यांनाच जमणार होतं. अडचण एकच. शेट कडक जैन. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, दारूचा वाससुद्धा नको आणि दिवस मावळला की जेवण बंद. म्हणून त्यांच्या बॅगेत कपडे थोडे आणि दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि सांगलीचं भडंग जास्त. भडंगात लसूण नव्हता, पण त्याची सगळी कसर तिखटानं भरून काढलेली होती.

नाथाजी, त्यांची बायको विजयमाला आणि अजितशेट असे तिघं प्रागला उतरले. पहिलाच आनंद झाला तो शेटना. रात्रीचे साडेआठ वाजून गेले तरी ऊन हटेना!

"सुभेदार, खरं म्हंजे जैनानं ह्याच देशात ऱ्हायला पायजे. दिवस मावळतच न्हाई! कवाबी जेवा!"

दुसऱ्या दिवशी संयोगितानं तिघांना शहर दाखवायला काढलं. टेकडीवरचा मोठा किल्ला दाखवला. नाथाजींनी कमरेवर हात ठेवून किल्ल्याची पाहणी केली. तरुणपणी साताऱ्यात भरतीची तयारी करताना ते अजिंक्यताऱ्यावर रोज पळत चढलेले. "ह्यो किल्ला? आगं, हितं आमची म्हस बी रवंथ करत चढंल! बुरूज कुठं, चोरवाट कुठं? ह्येला कचेऱ्यांचं आवार म्हनत्यात!" मग जुन्या चौकातलं घड्याळ पाहिलं. ठोक्याची वाट पाहत शेकडो माणसं माना वर करून उभी. ठोका पडला, घड्याळावरच्या सांगाड्याच्या पुतळ्यानं घंटा हलवली, दोन खिडक्यांतून साधूंच्या मूर्ती फिरून गेल्या आणि खिडक्या बंद! अजितशेट मान चोळत म्हणाले, "एवढं सगळं झालं, खरं वाजलं किती त्ये कळलंच न्हाई."

खरी गंमत झाली ती जुन्या दगडी पुलावर. दोन्ही बाजूंना पुतळे, खाली नदी, मोठा देखणा पूल! संयोगिता कौतुकानं सांगायला लागली, "असं म्हणतात काका, की हा पूल बांधताना चुन्यात अंडी कालवली होती."

अजितशेटनी पुलावर टाकलेला पाय तसाच वर उचलला.

"अंडी? किती?"

"गाड्या भरभरून आणली होती म्हणतात."

"मग मी काय ह्या पुलावरनं यायचा न्हाई."

"काका, सहाशे वर्षं झाली त्याला!"

"म्हनून अंडं शाकाहारी झालं व्हय गं?"

आता मध्यस्थाला एकटं सोडून कसं चालेल? विजयमालाबाईंनी लगेच तोड काढली. "तुमी दोघं पलीकडच्या पुलावरनं जावा. संयोगितानं बिअरच्या दुकानाचा पत्ता फोनवर टाकलाय. तिथं बसा. मारेकचं वडील तिथंच येनार हायत. आमी मायलेकी जरा फिरून येतो. अन् आवं, एकच गलास! माजी शपथ हाय!"

तीस वर्षांच्या संसारात विजयमालाबाईंनी स्वतःहून नवऱ्याला दारूच्या दुकानाचा रस्ता दाखवला नव्हता. सुभेदारांना तिथंच संशय यायला हवा होता. पण माणसाला हवं तेच कुणी सांगितलं, की संशय कशाला येतो?

मारेकच्या वडिलांचं नाव होतं झ्देनेक. ते नाव उच्चारताना नाथाजींची कवळी हलायची, म्हणून त्यांनी विमानातच त्याचं जनकराव करून टाकलं होतं.

दुकान म्हणजे तळघरासारखी जुनी कमानींची खोली. लांब लांब लाकडी टेबलं, माणसं खचाखच, आणि सगळी शांतपणे बिअर पिताहेत. एका कोपऱ्यातल्या टेबलावर एक म्हातारा एकटाच बसला होता. पांढऱ्या झुपकेदार मिशा, ऐसपैस पोट आणि समोर दोन खुर्च्या रिकाम्या! दोघांना पाहून त्यानं हातानं खुर्च्या दाखवल्या.

"शेट, हेच जनकराव! बगा, जागा धरून बसल्यात!"

अजितशेटनी म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं. मग खिशातून रुमाल काढून आपली खुर्ची पुसली. "मानूस घरंदाज दिसतोय," एवढंच ते म्हणाले.

नाथाजींनी दोन्ही हात जोडून रामराम घातला. छातीवर हात ठेवून म्हणाले, "नाथाजी! संयोगिता फादर!" म्हाताऱ्यानंही छातीवर हात ठेवून काहीतरी लांबलचक सांगितलं. त्यातलं एक अक्षर कळलं नाही, पण नाव-गाव सांगितलं असणार, असं नाथाजींनी गृहीत धरलं.

तोवर वेटर आला. आडदांड गडी! काय पाहिजे, किती पाहिजे, काही विचारणं नाही. त्यानं दोन मोठाले ग्लास दोघांच्या पुढ्यात धाडकन ठेवले आणि निघून गेला. वर चार बोटं फेस!

"निम्मा फेसच हाय की! आमच्या डेअरीत फेस बसल्याबिगर माप धरत न्हाईत!" नाथाजी कुरकुरले. पण एक घोट घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला. फौजेत कॅन्टीनची रम पुष्कळ प्यायले होते, पण हे काही निराळंच होतं! थंड, किंचित कडू आणि घशाखाली कधी गेलं ते कळतसुद्धा नव्हतं. ग्लास संपला. शपथ पाळली गेली. नाथाजींनी मिशा पुसल्या आणि बैठकीला सुरुवात करणार, एवढ्यात वेटर आला, रिकामा ग्लास उचलला आणि दुसरा भरलेला ठेवला!

"आरं, मागवला कुनी?"

वेटर गेलासुद्धा. समोर म्हातारा हसून ग्लास वर करत होता.

"आस्सं हाय व्हय!" नाथाजींच्या ध्यानात आलं. "शेट, जनकराव आग्रह करायला लागलं! वाढप्याला सांगून ठेवलंय त्येंनी."

आता आग्रह म्हटल्यावर सुभेदारांचा निरुपाय होता. आपल्याकडं पंगतीत पाहुण्यानं पान रिकामं केलं की वाढपी पुन्हा वाढतो आणि वाढलेलं टाकलं तर यजमानाचा अपमान होतो. सोयरीक गोडीत मोडायची होती. अपमान करून कसं चालेल? नाथाजींनी दुसरा ग्लास संपवला. तिसरा आला! इकडे शेटच्या पुढ्यातला ग्लास तसाच होता आणि शेट नाकाला रुमाल लावून बसले होते.

"सुभेदार, ह्येचं काय करायचं? मला तर वास बी सोसवंना."

"तुमी नगा घाबरू. तुमचा धरम मी सांभाळतो!" असं म्हणून सुभेदारांनी शेटचा ग्लासही रिकामा केला. झालं! वेटरनं शेटपुढंही नवा ग्लास ठेवला. आता एका तोंडाला दोन ग्लास सुरू झाले!

"वैनींची शपथ?" शेटनी हळूच आठवण करून दिली.

"आवं, माज्याम्होरं कवाबी बगा. एकच गलास हाय का न्हाई?"

हे मात्र खरं होतं. वेटर रिकामा ग्लास टेबलावर राहूच देत नव्हता. त्याच्या कामसूपणाचं कौतुक म्हणून नाथाजींनी त्याला अंगठा उंचावून दाखवला. त्या देशात बोटांवर मोजायची सुरुवात अंगठ्यापासून होते, हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. वेटरनं मान डोलावली आणि लगेच एक जादा आणून ठेवला.

नुसतं पिणं बरं नव्हे म्हणून शेटनी भडंगाची पिशवी फोडली. म्हाताऱ्यानं मूठभर भडंग तोंडात टाकलं. आधी खूश झाला. मग लाल झाला. मग त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं!

नेमकं त्याच वेळी नाथाजींनी फोन काढून संयोगिताचे फोटो दाखवायला घेतले होते. त्यांनी वर पाहिलं तर व्याह्याच्या डोळ्यांत पाणी! सुभेदार विरघळलेच.

"जनकराव, लय मायेचा मानूस हायसा! अवो, ही एवढीशी हुती बगा..." त्यांनी हात टेबलाखाली नेऊन दाखवला. "मी रजेवर घरी आलो की माजी टोपी घालून अंगनात परेड करायची. मग एवढी झाली. मग एवढी! अन् एक दिवस..." त्यांनी हाताचं विमान केलं आणि ते वर छतापर्यंत नेलं. "भुर्रकन उडून गेली वो! घर रिकामं झालं. तिची आई म्हनती, रडू नगा. आता न रडून काय करू?" आणि सुभेदार खरोखरच रडायला लागले. रोज संध्याकाळी फोन वाजायची वाट बघतो, हे त्यांनी बिरदेवालाही कधी सांगितलं नव्हतं. ते त्यांनी ह्या मिशीवाल्याला मराठीतून सगळं सांगितलं.

म्हाताऱ्यानं उठून त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. मग वेटरला अंगठा दाखवला.

कसली मोडामोड आणि कसलं काय! नाथाजींनी शेटच्या कानाला तोंड लावलं. "शेट, मला काय ह्ये मोडवत न्हाई. पोरीसाठी रडनारा सासरा दिवा लावून हुडकला तरी घावायचा न्हाई."

"मग?"

"देऊन टाकू का?"

"पोरगी तुमची, मर्जी तुमची," शेट म्हणाले आणि भडंगातले शेंगदाणे वेचायला लागले.

बैठकीची रीत म्हणून बरोबर घेतलेल्या पिशवीतून नाथाजींनी शाल काढली, म्हाताऱ्याच्या खांद्यावर घातली, हातात नारळ दिला आणि तोंडात साताऱ्याचा कंदी पेढा कोंबला. "दिला शब्द!" आजूबाजूच्या टेबलांवरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. एकजण उठून नाथाजींच्या पाठीवर थाप मारून गेला. म्हाताऱ्यानं तर त्यांना मिठीच मारली.

आणि त्याच मिठीत असताना दारातून हाक आली, "आबा!"

संयोगिता, विजयमालाबाई, मारेक आणि त्यांच्यामागं चष्मा घातलेला एक उंच, किडकिडीत गृहस्थ. त्याच्या कपाळावर कुंकवाचा ठसठशीत टिळा होता.

म्हाताऱ्यानं संयोगिताकडे पाहिलं. मग नाथाजींच्या फोनकडे. पुन्हा संयोगिताकडे. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला नारळ टेबलावर आदळला, आणि त्यानं दोनदा छातीवर क्रूस काढला!

"आबा, हे कोण?"

"कोन म्हंजे? जनकराव! तुजं सासरं! ओळखलं न्हाईस?"

"आबा, मारेकचे वडील हे माझ्याशेजारी उभे आहेत!"

किडकिडीत गृहस्थानं नम्रपणे हात जोडले. नाथाजींनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. त्यांना आधीच सगळं दोन दोन दिसत होतं, त्यामुळे व्याही दोन झाले ह्याचं त्यांना तितकंसं नवल वाटलं नाही.

"मग ह्ये... ह्येंनी जागा का धरून ठिवली हुती?"

"धरली नव्हती, आबा. इथं कुणीही कुणाच्याही टेबलावर बसतं. रीतच आहे."

"अन् बिअर? आग्रह कोन करत हुतं मग?"

मारेकनं टेबलावरचा गोल पुठ्ठा उचलला आणि नाथाजींच्या ग्लासावर ठेवला. नवा ग्लास घेऊन येणारा वेटर तो पुठ्ठा पाहून वाटेतूनच माघारी फिरला. रिकामा ग्लास दिसला की भरायचा, पुठ्ठा दिसला की थांबायचं. एवढा सोपा मामला! सुभेदार मघापासून त्याच पुठ्ठ्यानं वारा घेत होते.

इकडे म्हातारा संयोगिताशी भराभरा बोलायला लागला होता. ती आधी खळखळून हसली. मग हसता हसता थांबली.

"काय म्हनतोय?" नाथाजींनी विचारलं.

"हे इथं ट्राम चालवायचे. आता निवृत्त झालेत. म्हणतात, तुमचं एक अक्षर कळलं नाही त्यांना. पण तुम्ही मुलीचे फोटो दाखवत होतात, वर आभाळाकडे हात करत होतात आणि रडत होतात..." संयोगितानं म्हाताऱ्याकडे पाहिलं. "त्यांना वाटलं, तुमची मुलगी वारली! म्हणून ते तुम्हाला एकटं सोडून उठले नाहीत."

म्हाताऱ्यानं पुन्हा एक प्रश्न विचारला. संयोगिता सांगावं की नको अशी घुटमळली.

"सांग की."

"विचारतात... मुलगी तर जिवंत आहे. चांगली हसतीखेळती आहे. मग हा बाप कशासाठी रडतो?"

सुभेदारांनी लेकीकडे पाहिलं. चांगली अंगानं भरली होती. डोळ्यांत पाणी असूनही चेहरा कसा फुललेला होता! तिच्या कोपराला हात लावून तो पोरगा उभा होता, कुणी ओरडलं तर आपणच ऐकून घेऊ अशा बेतानं. आपण इतके दिवस नक्की कोणाचं सुतक धरून बसलो होतो, ह्याची नाथाजींना लाज वाटली. फार लाज वाटली.

ते टेबलाला धरून उठले. एकदा मागं झुकले, एकदा पुढं झुकले, मग परेडला उभे राहिल्यासारखे ताठ झाले.

"ऐका समदी! शब्द चुकीच्या मानसाला दिला आसंल, खरं शब्द चुकीचा न्हाई! माजी पोरगी मी खुशीनं... ह्या घराला दिली!"

वाक्य मोठं दणदणीत झालं होतं. आता लेक गळ्यात पडेल, व्याही पुढं येतील, असं वाटून नाथाजींनी हात पसरून ठेवले. संयोगिता गळ्यात पडली, पण डोळे पुसत आईकडे पाहत. आई अजितशेटकडे पाहत होती. आणि अजितशेट छताच्या कमानी मोजत होते.

"खाली बसा आदी, पडशीला," विजयमालाबाई म्हणाल्या. "सुपारी दुपारीच फुटली. ह्येंच्या घरी. कुकू काय उगंच लावलंय त्येंच्या कपाळाला?"

"दुपारी? अन् मी हितं..." नाथाजी गर्रकन शेटकडे वळले. "शेट! तुमाला ठावं हुतं?"

"वैनी सांगलीलाच बोलल्या हुत्या मला," शेट अपराधी चेहऱ्यानं म्हणाले.

"अन् ह्यो म्हातारा जनकराव न्हवं, ह्येबी ठावं हुतं?"

"हुतं की."

"मग खोटं का बोलला?"

"मी कवा बोललो? मानूस घरंदाज दिसतोय म्हटलं, त्यो हायच! जैनाला खोटं बोलायचं न्हाई, सुभेदार. गप बसायला कुटं मनाई हाय?"

नाथाजींनी एक मोठा श्वास घेतला. गेलेली अब्रू थोडी तरी परत मिळवावी म्हणून मिशीवर ताव दिला.

"ठीक हाय! झालं ते झालं. खरं लग्नाची तारीख मात्र मी सांगंन ती धरायची!"

"धरली," विजयमालाबाई म्हणाल्या. "आपला ऊस तुटून गेला की लगीच. गावातल्या मांडववाल्या जोतीरामलाबी सांगून झालंय."